शेपूट हलतंय, पण हिरड्या काय सांगतात?

कुत्र्याचा वरचा ओठ हलकेच उचला. सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने क्षणभर दाबा आणि सोडून द्या. दाबलेली जागा पांढुरकी होते आणि बघता बघता पुन्हा गुलाबी होते. निरोगी कुत्र्यात याला दोन सेकंदही लागत नाहीत. तेवढ्यात हृदयाने ढकललेलं रक्त केसाहून बारीक वाहिन्यांत परत भरलेलं असतं. सुई नाही, यंत्र नाही, तरी रक्ताभिसरण नीट चाललंय की नाही याचा पहिला अंदाज आपल्या हातात येतो. अत्यवस्थ कुत्रा टेबलावर घेतला की पशुवैद्यही पहिल्या मिनिटातच हिरड्या बघतात.

ही साधी परीक्षा माहीत असायलाच हवी, कारण आजारी कुत्र्याच्या चेहऱ्यावरून फारसं काही कळत नाही. पोटात रक्तस्राव चालू असलेला कुत्रा घरच्यांना पाहून शेपूट हलवतो. गाडीने उडवलेला कुत्रा उठतो आणि आपल्या पायांनी घरी येतो. मूत्रपिंडं निकामी होत चाललेला कुत्रा फक्त बिस्किटाकडे पाठ फिरवतो, बाकी काही नाही. ‘काल संध्याकाळपर्यंत अगदी व्यवस्थित होता हो डॉक्टर,’ हे वाक्य दवाखान्यांत पुन्हा पुन्हा ऐकू येतं आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

तो व्यवस्थित दिसत होता, कारण त्याचं शरीर त्याला तसं ठेवण्यासाठी जिवापाड झटत होतं. पगार संपलेल्या घरातली गृहिणी डब्यात साठवलेल्या पैशांवर महिनाअखेर ओढून नेते आणि आलेल्या पाहुण्यांना चहा-पोह्यांत काही कमी जाणवू देत नाही, तसंच हे. डबा रिकामा होतो त्या दिवशी मात्र सगळं एकदम उघडं पडतं. म्हणून तातडी ओळखायची तर ‘कुत्रा किती आजारी दिसतोय?’ हा प्रश्न कामाचा नाही. ‘ठीक दिसण्यासाठी त्याच्या शरीराला किती धडपड करावी लागतेय?’ असं विचारायला हवं. ही धडपड डोळ्यांना दिसते. कुठे बघायचं ते ठाऊक हवं, आणि ते शिकताना या प्राण्याच्या शरीराबद्दल थक्क व्हायला होतं.

पाणथरीतलं राखीव रक्त

वीस किलोच्या कुत्र्याच्या अंगात साधारण पावणेदोन लिटर रक्त असतं. त्याशिवाय लाल पेशींचा मोठा साठा एका अवयवात राखून ठेवलेला असतो. हा अवयव म्हणजे पाणथरी, अर्थात प्लीहा. माणसाची पाणथरी या कामात अगदीच किरकोळ. कुत्र्याच्या पाणथरीत मात्र स्नायूंचे तंतू भरपूर असतात. धावायची वेळ आली, तो घाबरला किंवा अंगातून रक्त गेलं, की ती आवळते आणि पेशींनी भरलेलं दाट रक्त अभिसरणात सोडते. केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जोसेफ बारक्रॉफ्ट यांनी १९२० च्या दशकात कुत्र्यांच्या पाणथरीचा आकार कसा बदलतो ते मोजायला सुरुवात केली. व्यायामाने ती लहान होते, रक्तस्रावाने होते आणि नुसत्या भावनिक खळबळीनेही होते, असं त्यांना आढळलं.

शिकारीमागे दूरवर धावणाऱ्या प्राण्याच्या वाट्याला आलेली ही देणगी दवाखान्यात मात्र चकवते. रक्तस्राव सुरू झाल्या झाल्या रक्त तपासलं, तर लाल पेशींचं प्रमाण नेहमीसारखंच येऊ शकतं, कारण पाणथरीने भर घातलेली असते. त्याच वेळी हृदयाचे ठोके जलद पडू लागतात. कातडी, हिरड्या आणि आतड्यांकडे जाणाऱ्या वाहिन्या आकसतात आणि उरलेलं रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवलं जातं. रक्तदाब टिकतो, कुत्रा उभा राहतो, बोलावलं तर येतोसुद्धा.

ज्यांचं रक्त काढून घेतलंय त्या जागा मात्र खोटं बोलत नाहीत. हिरड्या फिक्या पडतात. दाबल्यावर गुलाबी व्हायला दोनाहून जास्त सेकंद लागतात. पंजे आणि कानांची टोकं गार लागतात. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे पाय पोटाला मिळतो तिथे बोटं ठेवली की नाडी जलद आणि बारीक लागते. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यांच्या हिरड्या अनेकदा जन्मतःच काळ्या असतात. अशा वेळी खालची पापणी अलगद ओढून आतला रंग बघायचा.

म्हणून गाडीचा धक्का लागलेला कुत्रा उठून पळाला, तरी तो दवाखान्यात न्यायचाच. पोटातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही, आणि मार लागलेल्या फुप्फुसांची सूज पहिल्या एक-दोन दिवसांत वाढत जाते. वयस्कर, मोठ्या अंगाचा कुत्रा अचानक कोसळला आणि काही तासांनी पुन्हा हिंडूफिरू लागला, तर सुटकेचा निःश्वास टाकायची ती वेळ नव्हे. पाणथरीवर वाढलेली गाठ फुटून पोटात रक्त सांडतं, रक्तस्राव थांबतो आणि सांडलेल्या रक्ताचा काही भाग शरीर चक्क परत शोषून घेतं. कुत्रा सावरतो. पुढच्या वेळी सावरेलच असं नसतं.

हिरड्यांचे इतर रंगही बोलके असतात. विटेसारखा लालभडक रंग उष्माघातात किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरल्यावर दिसतो. पिवळा रंग काविळीचा. निळसर किंवा जांभळट रंग म्हणजे प्राणवायू कमी पडतोय. यातला कुठलाही रंग दिसला तर सकाळची वाट बघायची नाही.

श्वासाचं गणित

शांत बसलेल्या कुत्र्याच्या छातीला कान लावला तर दचकायला होतं, कारण ठोके एकसारखे पडत नाहीत. श्वास आत घेताना ते जलद होतात, सोडताना रेंगाळतात. हा बिघाड नाही. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस श्वासाच्या लयीत हृदयाला आवरते आणि सोडते, म्हणून असं होतं. कुत्र्यांत हे इतकं ठळक असतं की नवशिक्या कानाला तो आजारच वाटावा. उलट, हृदय थकू लागलं की शरीर त्याला सतत पुढे रेटतं, ही सैल लय पुसली जाते आणि ठोके जलद नि एकसुरी होतात.

धापा टाकण्यामागचं शास्त्र तर अजब आहे. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांमधून येतो. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्यापाशी जीभ, तोंड आणि नाकाची ओली अस्तरं एवढंच असतं. त्यावरून तो मिनिटाला तीनशेच्या आसपास वेळा हवा फिरवतो. एवढे श्वास घ्यायला जे कष्ट पडतील, त्यांनीच अंग तापायला हवं. ते तापत नाही, याचं कारण १९६२ मध्ये यूजीन क्रॉफर्ड यांनी दाखवून दिलं. छाती आणि फुप्फुसांची स्वतःची एक नैसर्गिक आंदोलनगती असते, आणि कुत्रा नेमका त्याच गतीने धापतो. त्यामुळे स्नायूंना फारच थोडा जोर लावावा लागतो. पुढे १९७० मध्ये क्नुट श्मिट-नील्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की धापताना हवा मुख्यतः नाकातून आत जाते आणि बरीचशी तोंडावाटे बाहेर पडते. नाकातल्या ओल्या घड्यांवरून एकदा गेलेली गरम, दमट हवा परत त्याच वाटेने न आल्यामुळे उष्णता बाहेरच निघून जाते. त्या घड्या ओल्या ठेवायला नाकात एक वेगळी ग्रंथी पाणी पुरवत असते.

म्हणजे खेळून आल्यावरची धाप ही उत्तम चाललेल्या यंत्रणेची खूण. पण गार खोलीत, काही श्रम नसताना, रात्री दोन वाजता चाललेली धाप वेगळी. ती वेदनेची असू शकते, तापाची असू शकते किंवा हृदयाचीही.

खरा आकडा मिळतो झोपेत. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर आणि खाली झाली की एक श्वास, असं अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं. तीसच्या आत असेल तर छान. पुन्हा पुन्हा तीसच्या वर जात असेल तर डॉक्टरांना कळवायचं. हृदयाच्या झडपांचा आजार छोट्या जातींच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत फार आढळतो, आणि फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची पहिली चाहूल अनेकदा याच आकड्यातून लागते. खोकला, थकवा हे सगळं पुढे येतं.

श्वास लागलेला कुत्रा ओळखायला मोजायची गरजच पडत नाही. तो मान लांब करतो, कोपरं छातीपासून दूर ठेवून उभा किंवा बसून राहतो आणि आडवं व्हायला तयार होत नाही. श्वासागणिक पोट आत-बाहेर ओढलं जातं. अशा वेळी हिरड्या निळ्या होण्याची वाट पाहणं घातक आहे. निळेपणा दिसायला रक्तात प्राणवायू गमावलेलं हिमोग्लोबिन ठरावीक प्रमाणात साचावं लागतं. ज्याच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे, त्याच्यात तेवढं हिमोग्लोबिनच नसतं, म्हणून तो गुदमरत असला तरी निळा पडत नाही. अशा कुत्र्याला उचलून पाठीवर झोपवू नये, तोंड बांधू नये. तो ज्या स्थितीत बसलाय त्याच स्थितीत, गार हवेत, थेट दवाखान्यात न्यावं.

आधी पाणी, मग गाडी

कुत्र्याचं नेहमीचं तापमान माणसापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. त्यामुळे हाताला तो कायमच कोमट लागतो आणि नाक कोरडं आहे की ओलं यावरून तापाचं निदान होत नाही. अंग १०६ च्या आसपास गेलं की मात्र पेशीच भाजायला लागतात.

विदर्भातल्या मे महिन्यात कोरड्या उन्हाचा मार असतो. मुंबई-कोकणात वेगळीच अडचण येते. हवाच पाण्याने भरलेली असल्यामुळे जिभेवरचं पाणी उडत नाही, धाप टाकूनही अंग थंड होत नाही. त्यातही पग. २००० च्या दशकात एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने हा चपट्या नाकाचा कुत्रा घराघरांत नेला. ज्या नाकाच्या घड्यांवर सगळी शीतयंत्रणा उभी आहे, त्या घड्यांना चपट्या तोंडात जागाच उरलेली नसते. अशा कुत्र्याचं घुरघुरणं गोंडस वाटतं, पण दुपारच्या फिरण्यात ते जीवघेणं ठरू शकतं.

उष्माघातात थांबत नाही अशी धाप, घट्ट चिकट लाळ, लाल हिरड्या, झोकांड्या आणि उलट्या दिसतात. इथे नियम उलटा आहे: आधी थंड करा, मग न्या. सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतत राहायचं आणि पंख्याखाली किंवा वाऱ्यात ठेवायचं. डोक्यावर पाणी ओतताना ते नाकात जाऊ द्यायचं नाही. ओला टॉवेल गुंडाळून ठेवला तर तो थोड्याच वेळात गरम होतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. धाप उतरली तरी दवाखाना टळत नाही. तापलेल्या आतड्यांचं अस्तर गळू लागतं, रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते, आणि हे सगळं पुढच्या एक-तीन दिवसांत वर येतं.

पोटाला पडणारा पीळ

एक लक्षण असं आहे की ते दिसताच हातातलं काम टाकून निघावं. कुत्रा उलटी करायचा प्रयत्न करतो, उमाळे येतात, पण बाहेर काहीच पडत नाही. फारतर थोडी फेसाळ लाळ. तो अस्वस्थ असतो, बसतो, उठतो, पोटाकडे वळून बघतो, आणि बरगड्यांच्या मागे पोट फुगत जातं.

जठर वायूने फुगून स्वतःभोवती फिरलेलं असतं. अन्ननलिकेचं तोंड पिळलं जातं, पुढची वाटही बंद होते, शेजारची पाणथरीही सोबत ओढली जाते. त्याहून वाईट म्हणजे फुगलेलं जठर शरीराच्या मागच्या भागातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर दाबतं. हृदय धडधडत राहतं, पण त्याच्याकडे रक्तच परत येत नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल आणि अरुंद छातीच्या कुत्र्यांना हा धोका सर्वाधिक. काही तासांत शस्त्रक्रिया झाली तर कुत्रा वाचतो, आणि त्याच वेळी जठर पोटाच्या आतल्या भिंतीला शिवून टाकलं की पुन्हा पीळ पडण्याची भीती जवळजवळ संपते. घरगुती उपायांना, ओव्याला नि सोड्याला इथे जागा नाही.

पोट दुखणारा कुत्रा कधी पुढचे पाय जमिनीवर पसरून मागचा भाग उंच धरतो आणि तसाच राहतो. खेळायला बोलावतानाही तो असाच वाकतो. फरक इतकाच की खेळणारा पुढच्याच क्षणी उडी मारतो.

विषांचं वेळापत्रक

विषबाधेत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे मधली शांतता. प्रत्येक विषाचा शरीरातला प्रवास वेगळा, त्याला लागणारा वेळ वेगळा. लक्षणं नाहीत म्हणजे धोका नाही असं धरलं, तर उपचाराची सर्वांत चांगली वेळ हातातून जाते.

शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल माणसाच्या शरीरात इन्सुलिनला फारसं हलवत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड मात्र त्याला साखर समजून इन्सुलिनचा लोंढा सोडतं. अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते, कुत्रा झोकांडतो, त्याला झटके येतात, आणि जास्त प्रमाणात यकृतही निकामी होतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन आपण काही तासांत निकालात काढतो. कुत्र्याच्या शरीरातून त्याचं निम्मं प्रमाण बाहेर पडायलाच सुमारे साडेसतरा तास लागतात. डार्क चॉकलेट जितकं कडू, तितकं जास्त धोक्याचं.

मनुका, बेदाणे आणि द्राक्षांची गोष्ट तर एखाद्या तपासकथेसारखी उलगडली. ती खाल्ल्यावर काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात हे अनेक वर्षं माहीत होतं, पण त्यातला नेमका कुठला घटक दोषी हे कळत नव्हतं. मग अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांसमोर घरी मळलेला खेळण्याचा गोळा खाऊन आजारी पडलेला कुत्रा आला. द्राक्षांचा तिथे संबंधच नव्हता, पण मूत्रपिंडांचं नुकसान अगदी तसंच होतं. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षांतही हेच आम्ल भरपूर असतं. २०२१ मध्ये त्यांनी हा दुवा मांडला आणि पुढच्याच वर्षी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात चिंच खाल्लेले कुत्रेही होते. चिंचेत टार्टारिक आम्ल ठासून भरलेलं असतं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षांच्या मुलुखात, जिथे शिऱ्यात बेदाणे आणि आमटीत चिंच रोजची, तिथल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घराने ही गोष्ट लक्षात ठेवावी. उलट्या पहिल्या दिवशी होतात. लघवी कमी होणं पुढच्या दोन-तीन दिवसांत कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असू शकतो.

कांदा आणि लसूण लाल पेशींना आतून खराब करतात. पेशी फुटायला काही दिवस लागतात. मग हिरड्या फिक्या आणि लघवी गडद होते, तोवर रविवारची बिर्याणी सगळे विसरलेले असतात.

उंदराच्या विषांत दोन टोकं आहेत. झिंक फॉस्फाइडची पूड पोटातल्या आम्लाशी मिळून फॉस्फीन हा विषारी वायू बनवते, आणि तासाभरातच प्रकृती ढासळू शकते. अशा कुत्र्याला काही खायला घालू नये, कारण अन्नाने आम्ल वाढतं. गाडीत उलटी झाली तर खिडक्या उघडाव्यात, कारण तो वायू माणसालाही बाधतो. दुसरं टोक ब्रोमाडायोलोनसारख्या विषांचं. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेलं गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यातला रक्त न गोठू देणारा पदार्थ शोधला. त्यातून १९४८ मध्ये वॉरफरिन हे उंदीरनाशक आलं आणि त्याच कुळात पुढची अधिक तीव्र विषं. ती रक्त गोठवणारे घटक नव्याने बनू देत नाहीत. पण आधीचे घटक दोन-चार दिवस पुरतात, म्हणून कुत्रा तेवढे दिवस आनंदात असतो आणि नंतर एकदम नाकातून, लघवीतून, छातीत रक्त जातं. याला के जीवनसत्त्वाचा उतारा आहे, आणि लक्षणांआधी सुरू केला तर तो उत्तम चालतो.

म्हणून काहीतरी भलतं खाल्लं हे कळलं तोच तातडीचा क्षण. पाकीट किंवा त्याचा फोटो सोबत घ्यावा. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नये, ते मीठच विष ठरतं. उलटी करवायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि बहुधा पहिल्या दोन तासांतच तिचा उपयोग असतो. दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी स्वतःच्या मनाने कधीही देऊ नये.

पाणी, लघवी आणि रक्त

नर कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं. त्याच्या खालच्या खाचेतून मूत्रनलिका जाते, आणि हाड असल्यामुळे तिथे ती फाकू शकत नाही. मुतखडा नेमका तिथेच अडकतो. कुत्रा पाय वर करतो, कुथतो, थेंबच पडतो किंवा काहीच नाही. बद्धकोष्ठ समजून एक दिवस घालवला तर मूत्राशय फुटू शकतं आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं.

शस्त्रक्रिया न झालेली मादी माज उतरल्यावर काही आठवड्यांनी अचानक खूप पाणी पिऊ लागली, खाणं सुटलं, तर गर्भपिशवीत पू झालाय का हे त्याच दिवशी बघावं. तिथल्या जंतूंचं विष मूत्रपिंडांना पाणी राखू देत नाही, म्हणून ही तहान. बाहेर पू दिसत नसेल तर दिलासा मानू नये. तोंड बंद असलेली पिशवी अधिक धोक्याची, कारण ती आतच फुटू शकते. पिल्लं अंगावर पीत असलेली छोटी कुत्री थरथरू लागली, अडखळू लागली, तर रक्तातलं कॅल्शियम दुधात निघून गेलेलं असतं. हेही तासांतच सावरावं लागतं.

गोचिडांचा ताप आपल्याकडे बारमाही. एर्लिकिया आणि बबेसिया हे जंतू गोचीड चावल्याने येतात. नाकातून रक्त, पोटाच्या कातडीवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके, चहासारखी गडद लघवी, फिक्या हिरड्या, यातलं काही दिसलं की रक्तपेशी झपाट्याने कमी होतायत असं समजावं. कधी रक्त चढवावं लागतं. एका कुत्र्याचं रक्त दुसऱ्याला देण्याचा प्रयोग ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड लोअर यांनी १६६५ मध्येच यशस्वी केला होता. माणसाच्या रक्तात परक्या गटाविरुद्धची प्रतिद्रव्यं आधीपासूनच असतात. कुत्र्याच्या रक्तात सर्वांत महत्त्वाच्या गटाविरुद्ध ती सहसा नसतात, म्हणून अडीअडचणीला पहिलं रक्त बहुतेक वेळा निभावून जातं.

लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब झाले तर पार्वोचा संशय आधी. हा विषाणू १९७८ मध्ये कुत्र्यांत ओळखला गेला. मांजरांच्या विषाणूच्या नात्यातला हा, आवरणातल्या मोजक्याच बदलांनी त्याला कुत्र्याच्या पेशीचं दार उघडलं आणि साधारण दोन वर्षांत तो जगभर पोचला. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नव्याने उगवतं, आणि हा नेमका उगवत्या पेशींनाच मारतो. पिल्लाच्या अंगात राखीव असं फारसं नसतं, त्यामुळे मोठ्या कुत्र्यासाठी ‘उद्या बघू’ चालेल तिथे पिल्लासाठी ‘आत्ता’ लागतं.

झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले किंवा एका दिवसात दोनदा आले, मागचे पाय अचानक लुळे पडले, डोळा दुखावला, घोणस, नाग, मण्यार किंवा फुरसं चावल्याचा संशय आला, तर विचार करत बसायचं नाही. माणसांसाठीची या चार सापांवरची प्रतिसर्पविष लसच कुत्र्यालाही देतात.

एक सावधगिरी माणसाच्या जिवाची. खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, असा कुत्रा घशात हाड अडकल्यासारखा दिसतो. रेबीजमध्येही अगदी असंच दिसतं. लस न झालेल्या किंवा अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस घ्यावी.

काय थांबू शकतं, आणि आज काय करायचं

सगळंच तातडीचं नसतं. एखादी उलटी झाली आणि नंतर कुत्रा पाणी पितोय, खेळतोय, एकदा पातळ झालं पण रक्त नाही, लंगडतोय पण पाय टेकवतोय, अशा वेळी डॉक्टरांना फोन करून सकाळपर्यंत लक्ष ठेवता येतं. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, उठवत नाही किंवा हिरड्यांचा रंग बदलला, की सकाळ उजाडायची वाट बघू नये.

रात्री कुठलं रुग्णालय उघडं असतं हे संकट येण्याआधीच शोधून ठेवावं. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण तालुक्याच्या गावी रात्रीचा डॉक्टर मिळणं सोपं नसतं. जवळच्या मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा क्रमांक फोनमध्ये, कुत्र्याचं वजन कागदावर, आणि जखमी कुत्र्याला उचलायला एखादी फळी किंवा जाड चादर घरात हवी.

आणि आज रात्री तो गाढ झोपला की त्याचे श्वास मोजून लिहून ठेवा. एकदा नव्हे, चार-पाच रात्री. प्रत्येक कुत्र्याचं ‘ठीक’ वेगळं असतं आणि ते त्याच्या घरच्यांशिवाय कुणालाच माहीत नसतं. ‘तो जरा गप्प गप्प वाटतोय’ असं फोनवर सांगितलं तर डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. ‘झोपेत बावीस श्वास असतात, आज बेचाळीस आहेत’ असं सांगितलं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘लगेच निघा.’